ओट्याखालचा दगड

दिवाळी तोंडावर आली, तरी व्यंकटराव मास्तरांच्या ओट्याखालचा एकच दगड शेवाळानं हिरवागार होता. माळवदावरचं पावसाचं पाणी खाली सोडणारी पनाळ दुसऱ्या अंगाला, मग इथं ओल येते कुठून, हे काही त्यांच्या ध्यानात येईना. उद्या चावडीपुढं शिवाशिव मोडण्यावर त्यांचं भाषण होतं आणि परभणीचे पाहुणे घरी चहाला येणार होते. कुणी घसरायला नको म्हणून मास्तर स्वतःच बादली आणि विटेचा तुकडा घेऊन बसले. दगड घासून होतोय तोच गल्ली झाडून धुरपदाबाई आली. रोजच्यासारखी त्याच दगडावर उभी राहून तिनं ओंजळ धरली. मास्तरांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, ओट्यावरून तांब्यानं पाणी ओतलं. निम्मं तोंडात गेलं, निम्मं दगडावर.

मास्तरांची मान खाली गेली.

"मास्तर, तुमी आत्ताच घासलाय. मी तिकडं मातीत हुबी राहते की," धुरपदाबाई म्हणाली.

"नाही. आजपासून हे असं नाही."

त्यांनी बायकोकडून तांब्या घेतला आणि धुरपदाबाईच्या हातात दिला. ती बिचकली, पण घटाघटा प्यायली आणि तांब्या हळूच दगडावर ठेवला. मास्तरांना लय हलकं वाटलं. तांब्या आत न्यायला ते वाकले, आणि उचलण्याआधी हातानं आपसूक बादलीतलं शेवाळी पाणी त्यावर शिंपडून विटाळ धुऊन टाकला.

धुरपदाबाई पदरानं तोंड पुसत अजून समोरच उभी होती.