नऊ टकलं

गवतात मोजून नऊ टकलं होती. मागच्या दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत, एका ओळीत, एकेका पावलाच्या अंतरावर. सुनेनं ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली आणि पहिल्या टकलावर पाय ठेवून पाहिला. बरोबर बसला. दुसऱ्यावर दुसरा पाय, तोही बसला. नववं थेट दोरीखाली संपलं.

हे गवत सासऱ्यांचं. अण्णांनी ते वीस वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं आणि त्यावर पाय ठेवायची कुणालाच मुभा नव्हती. दोरीकडे जायचं तर कडेकडेनं, सगळ्या घराला वळसा घालून. सून मात्र रोज सकाळी सहाला, अण्णा उठायच्या आत, भरली बादली घेऊन सरळ गवतावरून जायची. साडेसातची बस गाठायची म्हणजे एखादा नियम वाकवावा लागतोच. त्यात गेले दहा दिवस अण्णा घरात नव्हते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीच्या गावी गेले होते, दीड महिना तिथंच राहणार होते. मग काय, हिला रान मोकळं. दिवसाला चार-चार फेऱ्या. त्याचंच हे फळ, दुसरं काय.

नवऱ्याला दाखवलं. माणसाच्या चालण्यानं गवत एवढं जळत नाही, तुझ्या पायांना नाल ठोकलीय का, असं विचारून तो चहा प्यायला आत गेला.

बोलणी खायला ती घाबरत नव्हती. सहा वर्षांत तिनं ती पोटभर खाल्ली होती. प्रश्न वेगळाच होता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आईनं अंथरूण धरलं आणि भावानं हात वर केले. आईला इथं आणू का, हे सासऱ्यांना कसं विचारावं म्हणून ही शब्द जुळवत बसली होती, तोवर अण्णांनी स्वतःची गादी गुंडाळून बाहेरच्या खोलीत आणून टाकली. माझ्या खोलीत ऊन येतं, तुझ्या आईला तिथं ठेव, एवढंच म्हणाले. आई आठ महिने त्या उन्हात होती, अगदी शेवटपर्यंत. आणि आठ महिने अण्णा दिवाणावर पाय मुडपून झोपले. दिवाण आखूड, माणूस उंच. गुडघ्याची तक्रार तेव्हापासूनची. त्यावर दोघांत कधी अवाक्षर निघालं नाही. आभार मानायला गेलं की अण्णा टीव्हीचा आवाज वाढवत.

अशा माणसाचं एकुलतं एक सुख तिनं तुडवून ठेवलं होतं. ते परत येईपर्यंत गवत होतं तसं दिसायलाच हवं होतं.

रोपवाटिकेतल्या बाईनं कुत्रं आहे का, काही सांडलं का, असं डॉक्टरसारखं सगळं विचारून घेतलं. पायानं गेलं म्हटल्यावर तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि घरात माणसं किती, असं विचारलं. पण बाई कामाची होती. शरदात पेरलेलं गवत हटकून धरतं, जमीन अजून कोमट असते आणि ऊन भाजत नाही, असं म्हणाली. बियाणं कसं टाकायचं तेही तिनंच शिकवलं.

सुनेनं मेलेलं गवत दाताळ्यानं ओढून काढलं. खुरप्यानं माती दोन बोटं भुसभुशीत केली. बी बारीक मातीत कालवून टाकलं, वर चाळलेल्या खताचा पातळ थर दिला, पाट उलटा ठेवून त्यावर उभी राहिली आणि दाबून घेतलं. मग सकाळ-संध्याकाळ झारी. चिमण्यांसाठी जुनी जाळी. आणि स्वतःसाठी घराला वळसा. बस दोनदा चुकली.

अण्णांचा रोज फोन यायचा. स्वतःच्या गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. गवत काय म्हणतंय, एवढंच. मजेत आहे, असं ही सांगायची. एकदा त्यांनी विचारलं, मध्ये कुठं पिवळं पडलंय का? छे, कुठंच नाही, ती म्हणाली. मग अण्णा पुटपुटले, हं, लागेल थोडा वेळ. गुडघ्याबद्दलच बोलत असतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

बाराव्या दिवशी पहिली पाती दिसली, बाळाच्या जावळासारखी. ती उकिडवी बसून बघतच राहिली. आईची आठवण आली आणि उगीचच डोळे भरले. महिना संपेपर्यंत नवं कुठलं आणि जुनं कुठलं, ते तिलाही बोट ठेवून सांगता येईना. नवऱ्यानं सुद्धा चहा खाली ठेवून पाहिलं.

अण्णा काठी टेकत आले आणि पाणीही न घेता मागच्या दाराशी गेले. तिथून दोरीपर्यंत त्यांनी नजर फिरवली, मग परत दारापर्यंत आणली. काठीनं इथं-तिथं गवत बाजूला सारून पाहिलं.

"एवढ्यात भरून आलं?" ते स्वतःशीच म्हणाले.

ती गप्प राहू शकली असती. पण या माणसाशी आणखी खोटं बोलणं तिच्यानं होईना.

"अण्णा, नऊ ठिकाणी गेलं होतं. तुम्ही उठायच्या आत मी रोज यावरून जायचे, माझ्याच पायांनी गेलं. पण सगळं परत पेरलंय. आता कुठं बोटभरही उघडं नाही. आईसाठी तुम्ही जे केलंत, त्यापुढे हे काहीच नाही."

टीव्ही आत होता, म्हणून अण्णांचा नाइलाज झाला.

"तुझ्या पायांनी कसलं जातंय गवत," ते म्हणाले. "भरली बादली घेऊन घसरायचीस एखाद दिवशी. म्हणून जायच्या आदल्या दिवशी मीच गवत जाळायचं औषध मारलं, दवात उमटलेल्या तुझ्या एकेका पावलावर. उद्या सकाळी त्या जागी बसवायचे नऊ दगड येतायत."