ऐंशी अक्षरांची ओळ

पॅच, म्हणजे कोडमधला तिने सुचवलेला बदल, पाचव्यांदा परत आला. कारण तेच. एकोणिसावी ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब आहे.

"फूटपट्टी मेला," ती दातओठ खात म्हणाली.

समोर भाजी निवडत बसलेली धाकटी बहीण हसली. "ताई, याच्यापेक्षा तुझी सासू परवडली."

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा जगभरची माणसं ईमेलवर भांडत-तंडत, स्वखुशीने लिहीत. तीही त्यांतलीच. ऐंशी अक्षरांची ओळ ही तिथली जुनी रीत. सक्ती कुणाचीच नव्हती आणि रुंद पडदे आल्यापासून बहुतेकांनी ती सोडूनही दिली होती. पॅच तपासणारा हा एक म्हातारा तेवढा हटून बसलेला. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, पण पाठीमागे सगळे फूटपट्टीच म्हणत.

तिने ओळ मोडली, पॅच पुन्हा धाडला आणि त्याच रागात साफसफाई काढली. एका बंद पडलेल्या कंपनीच्या उपकरणाचा चार हजार ओळींचा कोड धूळ खात पडला होता. तो सांभाळणारा कधीच सोडून गेलेला. सहा वर्षांत एकही तक्रार नाही. तो काढून टाकायचा पॅच तिने पाठवला आणि रिवाजाप्रमाणे खाली लिहिलं, 'कुणी वापरत असल्यास कळवावे.'

सकाळी चहा निवायच्या आत उत्तर आलं. फूटपट्टीचंच.

"एक जण वापरतो."

"एका माणसासाठी चार हजार ओळी पोसायच्या? कोण आहे तो?"

"मी. मला दिसत नाही. त्या उपकरणाच्या पट्टीवर ब्रेल उमटतं. तुमचा कोड मी बोटांनी वाचतो. पट्टीवर एका वेळी ऐंशीच अक्षरं मावतात."

तिने ते बहिणीला वाचून दाखवलं. मग तिने लिहिलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर माझ्याशी भांडायला कोण आलं असतं?"

ती हसली आणि तिचे डोळेही भरून आले. चालतं आहे ते मोडायचं नाही, एकाचंही नाही, हा त्या मंडळींतला न लिहिलेला नियम तिला तोंडपाठ होता. तिने पॅच मागे घेतला. पण बेवारशी कोड आज ना उद्या दुसरं कुणी काढणारच. म्हणून तिने एका ओळीचा नवा पॅच पाठवला. सांभाळणाऱ्यांच्या यादीत, त्या उपकरणापुढे, स्वतःचं नाव.

तो फूटपट्टीने पहिल्या फटक्यात पास केला.

आठवड्याभरात एका अनोळखी बाईंची ईमेल आली. "मी अनुवादक आहे. ही पट्टी नऊ वर्षं वापरते. दोनदा बिघडली, तरी गप्प राहिले. तक्रार केली असती, तर हा कोड अजून आहे हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं आणि त्यांनी तो काढून टाकला असता. आमच्या ओळखीतले अकरा जण असेच गप्प आहेत. काल यादीत तुमचं नाव दिसलं. आता तक्रार केली तर चालेल ना?"