कोण जिंकन?

लकवा मारल्यापासून एकताच्या बाबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. नेपियर टाउनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यांच्याशी बोलत राहा. बाबांच्या फॅक्टरीच्या गप्पा संपल्या, तेव्हा एकता पलंगापाशी बसून मोबाईलवर डावपेचांच्या व्हिडिओगेमचे व्यावसायिक सामने लावू लागली. दर सामन्याला ती विचारायची, "बाबा, कोण जिंकन?" आणि उत्तरही स्वतःच द्यायची. त्या दुपारी लाल फौजेने निळ्यांचा किल्ला घेरला. "लालच जिंकन," एकता म्हणाली. बाबांचा चांगला हात चादरीवर आपटला, ओठ थरथरले. "नि... निळा." एकता ओरडली, "आई, लवकर ये! बाबा बोलले!" आई कणकेच्या हातांनीच धावत आली, रडू लागली. तोवर निळे साफ हरले होते. बाबांचा चेहरा पडला. एकताने मनोमन त्या हरलेल्या खेळाडूंचे आभार मानले. "चुकू द्या, बाबा. उद्याही हवं तर चुकीचं सांगा, पण सांगा."