न्येमोचं उत्तर

किकोतीचे पुढचे दात पडले तेव्हा गर्दीला जरा बरं वाटलं. गुरांच्या दाव्यानं त्याला गोरखचिंचेच्या बुंध्याला बांधलं होतं. शेजारी त्याची सायकल आडवी पडली होती आणि कोयत्यानं भोसकलेल्या डब्यातून मध धुळीत ओघळत होता. ऊन असं, की झाडाची सावलीसुद्धा बुंध्याशी अंग चोरून उभी.

"वळू कुठाय?" मालोगोनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सोटा बरगडीत घातला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

पहाटे चोरांनी मालोगोचा वळू नेला होता आणि आडव्या आलेल्या त्याच्या धाकट्या भावाचा हात मनगटापासून उतरवला होता. वळूच्या खुरांच्या मागावर माणसं धावली, तर कोरड्या नदीच्या पात्रात हा सायकल ढकलत चाललेला. ओळखीचा नव्हता, तेवढं पुरलं.

"मध विकतो मी, बाबांनो," किकोती म्हणाला. "डोंगरापलीकडच्या हेहे जमातीचा आहे. तुम्हा गोगोंचा थट्टेतला सोयरा."

"जीव जायला लागला की सगळेच हेहे होतात," मालोगो म्हणाला, आणि पुन्हा सोटा.

तेवढ्यात मालोगोची आई आली. न्येमो. बाजरी कांडता कांडताच उठली होती, मुसळ हातात. कमरेचं कापड धाकट्याच्या रक्तानं कडक झालेलं.

"सरका," ती म्हणाली. "याचं डोकं माझं आहे."

माणसं सरकली. किकोतीचा एकच डोळा उघडत होता. त्या डोळ्यानं त्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, तोंडातलं रक्त थुंकलं आणि म्हणाला, "आली का! मला वाटलं, वाळत घातलेलं कातडंच उठून चालायला लागलं."

कुणीतरी कोयता उचलला. न्येमोनं हातानंच त्याला थांबवलं, आणि स्वतःच्या हातातलं मुसळ जमिनीवर टेकवलं.

गोगो आणि हेहे या दोन जमातींच्या आज्यापणज्यांनी एकमेकांना इतकं कापलं होतं, की शेवटी मेलेल्यांना पुरायला जिवंत माणूस मिळेना. तेव्हापासून भाले ठेवून जिभा उचलल्या. हेह्यानं गोगोला वाट्टेल ते बोलावं, गोगोनं दुप्पट ऐकवावं. आणि एकदा उलट टोमणा गेला, की त्या माणसावर हात टाकायचा नाही. टाकला तर गुरांचं दूध आटतं. न्येमोनं नुसतं "गप रे माकडा" म्हटलं असतं तरी दावं सुटलं असतं.

पण ती न्येमो होती. तिच्या टोमण्यावर हसताना एका पाहुण्याची दाढ निखळली होती. ती दाढ आजही तिच्या मातीच्या छपरात खोचलेली आहे. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघावी. असल्या बाईनं "गप रे माकडा" म्हणायचं?

ती विचार करू लागली.

किकोतीला वाटलं, आपण हेहे आहोत हे म्हातारीला अजून पटलेलं नाही. त्यानं उरलासुरला दम गोळा केला. "तुझा आजा माझ्या आज्याला पाठ दाखवून पळाला होता ना? तीच पाठ आता तू तोंड म्हणून वापरतेस, म्हातारे!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. न्येमोचे डोळे लकाकले. इतक्या वर्षांत कुणी तिला असं काही ऐकवलं नव्हतं. याला तोलामोलाचं उत्तर हवं. ती ओठ हलवायला लागली, एक शब्द टाकला, दुसरा उचलला.

मालोगोनं आईकडे पाहिलं. "आई, सोयरा मानतेस का याला?"

तिनं ऐकलं नाही. उत्तर जवळ आलं होतं, अगदी जिभेच्या मागं.

"आई?"

तिनं चिलट हाकलावं तसा हात झटकला. मालोगोनं त्याचा अर्थ लावला. दोन्ही हातांनी सोटा डोक्यावर नेला आणि किकोतीच्या कपाळावर उतरवला.

"पाठ फिरवली ती काय भिऊन?" त्याच क्षणी न्येमो कडाडली. "समोर तुझ्या आज्याचं तोंड होतं! तुमचं खानदानी तोंड बघण्यापेक्षा पाठीत भाला बरा, म्हणाला माझा आजा!"

गर्दीला हसू फुटलं. माणसं गुडघ्यांवर हात मारून हसली. ज्यानं कोयता उचलला होता तो पोट धरून खाली बसला. मालोगोसुद्धा हसला, आणि हसता हसताच त्याच्या हातातला सोटा गळून पडला.

किकोतीची मान छातीवर आली होती. कपाळ आत गेलेलं. रक्त धुळीतल्या मधापर्यंत पोचलं होतं.

हसू मागच्या रांगेपासून विझत पुढं आलं. न्येमोनं मुसळ बाजूला ठेवलं, दावं सोडलं, आणि घसरून खाली आलेल्या त्या देहासमोर मांडी घालून बसली.

"बोल की रे हेह्या," ती म्हणाली. "तुझी पाळी."

"आई, चल घरी," मालोगो म्हणाला.

"गप. त्याला बोलू दे."

मधावर माश्या जमू लागल्या. न्येमोनं हातानं त्या वारल्या आणि किकोतीच्या कानाशी वाकली.

"घे, वेळ घे," ती म्हणाली. "चांगलं सुचायला वेळ लागतोच."