मोडलेली इस्त्री

मागच्या केसांपर्यंत हात पोचेना, तेव्हा विशाखाने केस सरळ करायचं मशीन अण्णांच्या हातात दिलं. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात अण्णांचा जन्म गेलेला. त्यांनी सवयीने आधी तिच्या केसांवर पाणी शिंपडलं.

“अण्णा! केस आहेत, धोतर नव्हे!”

अण्णा ओशाळले. मग एकेक बट हातावर घेत त्यांनी तिचे कमरेपर्यंतचे कुरळे केस असे सरळ केले, की चुणी म्हणून राहिली नाही. साखरपुड्याला सासरचे बघतच राहतील, म्हणून विशाखा हरखली. अण्णांना मात्र आरशात कुणा परक्याची पोर दिसत होती.

संध्याकाळी हॉलच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडायला अण्णाच उभे होते. चार थेंब पडले आणि विशाखाच्या कपाळावरची बट गर्रकन गुंडाळून वर गेली.

“हां, आता ओळखू आलीस!” होणारा जावई म्हणाला. विशाखा लाजून हसली.

आपली इस्त्री मोडलेली अण्णांना कधी खपायची नाही. आज मात्र त्यांनी गुलाबदाणी पुन्हा उचलली आणि लेकीच्या डोक्यावर चांगली झटकून रिकामी केली.