तिसरा सेल

मीटरवर एक व्होल्टसुद्धा दिसेना. द्वारकाने सुया दाबून पुन्हा धरल्या. आकडा तेवढाच. बॅटरीतले दोन सेल कसेबसे तग धरून होते, तिसरा पार तळाला गेला होता. महिन्यात चौथ्यांदा.

हडपसरच्या एका कारखान्यात ती लॅपटॉपच्या बॅटऱ्या जोडायची. इतका उतरलेला सेल चार्जर ओळखतच नाही, तो टाकून द्यायचा, हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ती टाकत नव्हती. चांगल्या सेलला तारा लावून त्या उतरलेल्या सेलला जोडायची आणि गरम होतोय का, ते बोटाने बघत बसायची. तीन व्होल्टच्या वर गेला की चार्जर त्याला घ्यायचा.

बॅटरी कफ ओढायच्या यंत्राची होती. तिचा नवरा बजरंग आयटी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. वर्षापूर्वी कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक राहिलं. श्वास तिथूनच, आणि कफही तिथेच दाटायचा. ते राहायचे त्या मांजरी गावात रोज दुपारी अडीच तास वीज जायची. समोरच्या नव्या सोसायटीत जनरेटर धडधडायचा, यांच्या खोलीत ही बॅटरी. दोनदा ती कामावरून आली तेव्हा यंत्र बंद पडलेलं होतं आणि बजरंगचे ओठ निळे झाले होते.

यंत्र जुनं होतं. बॅटरी संपली तरी आपोआप थांबायचं नाही. बटण चालू राहिलं की सेल पिळून निघायचे.

"अहो, काम झालं की बटण बंद करता ना?" तिने परत विचारलं.

बजरंगने मान हलवली. करतो.

मग सेलच खराब, असं तिने धरलं. तरी रविवारची सगळी सकाळ त्याच्यापाशी घालवली. सेल सव्वातीनवर आला. चार्जरचा लाल दिवा लागला, आणि दुपारी एकदाचा हिरवा झाला. तिने यंत्र बजरंगच्या हाताशी ठेवलं, औषधं आणते म्हणाली आणि निघाली. जिना उतरेपर्यंत वीज गेली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिला आठवलं, डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली.

दारातच यंत्राची घरघर ऐकू आली. कफ दाटला असणार म्हणून ती धावत आत गेली.

नळी खिळ्याला टांगलेली होती. बजरंग शांत श्वास घेत होता. यंत्र नुसतीच हवा ओढत होतं. तिची चाहूल लागताच त्याचा अंगठा बटणावर गेला आणि घरघर थांबली. त्याला बटण शोधावं लागलं नाही, नजरसुद्धा वळवावी लागली नाही.

द्वारकाने नळीला बोट लावून पाहिलं, कोरडी होती. तिने विचारलं, "रोज?"

त्याने उशाखालची पाटी काढली. सावकाश लिहून तिच्याकडे वळवली.

"द्वारका, आता पुरे."

तिने ते वाचलं. पदराने पाटी पुसली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"दुसरं काहीतरी लिहा," ती म्हणाली आणि समोर जमिनीवर बसली.

वीज आली तेव्हाही पाटी कोरीच होती.