दरवर्षीची जखमी

"नेमून दिलेलं काम कुणीही सोडायचं नाही," हे विभावरीताईंनी गावाकडून घोकून घेतलं होतं. त्यांची संस्था दर उन्हाळ्यात तिथं पुराची तालीम घ्यायची. भोंगा वाजला की सगळे टेकडीवरच्या शाळेकडे निघायचे. चांगली धडधाकट इठाबाई जखमी होऊन स्ट्रेचरवरून जायची. वर पोचल्यावर ताईंचं भाषण, मग खिचडी.

यंदा ताई मुक्कामी असताना नदी खरंच चढली. भोंगा वाजला आणि गाव शिस्तीत चालू लागलं. ते बघताना ताईंचा ऊर असा भरून आला की देवळाची पायरी दिसलीच नाही. घोटा नुसता मुरगळला नव्हता, मोडला होता. गढूळ पाणी साडीच्या काठाला लागलं.

सगळ्यांत शेवटी स्ट्रेचर आलं. त्यावर इठाबाई डोळे मिटून कण्हत होती.

"अगं, उतर खाली. माझा पाय मोडलाय."

इठाबाईनं एक डोळा उघडला. "जखमी मी असते, ताई. तुमचं भाषण असतंय."

स्ट्रेचर पुढे गेलं. वाटेत कुणासाठी थांबायचं नाही, हेही ताईंनीच शिकवलेलं.

बसल्या जागी पाणी कमरेपर्यंत आलं, तेव्हा इठाबाई परतली. वर पोचल्यावर तिचं काम संपलं होतं. तिनं ताईंना पाठुंगळी घेतलं, धापा टाकत टेकडी चढली आणि ओळीत बसलेल्या गावासमोर नेऊन टेकवलं.

ताई कळवळत होत्या. इठाबाईनं माईक त्यांच्या हातात दिला.

"बोला, ताई. त्याबिगर खिचडी वाढत न्हाईत."